तांबड्या धाग्याची हळद

सरांना त्यांच्या विभागप्रमुखांनी फसवलं, आणि तो सौदा मी जुळवून दिला होता. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने आपलं अंग काढून घेतलं.

मी सांगलीच्या हळदीच्या बाजारात पाठीवर पोतं घेऊन शिरलो आणि अडत्या होऊन स्वतःच्या गादीवर बसलो. शिक्षण चौथी. मला बुडवायला पुष्कळ लोक येऊन गेले; पुढे त्यांचं काय झालं ते त्यांनाच विचारा. फसलो तो एकदाच. त्यात माझं काही गेलं नाही, सरांचं सगळं गेलं. म्हणून ते अजून पचत नाही.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मूळचे साताऱ्याकडचे, एकटा जीव. माझ्या दुकानावरची खोली भाड्याने मागायला आले तेव्हा मी भाडं नेहमीप्रमाणे चढवून सांगितलं, खाली उतरायला जागा ठेवून. हा माणूस भाड्याबद्दल अक्षर बोलला नाही. दोन्ही खिडक्यांतून पाळीपाळीने हात बाहेर काढून उभा राहिला आणि म्हणाला, "दोन्हीकडं ऊन सारखंच येतं का हो?"

"सारखंच येतंय."

"कशावरून?"

घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला धास्ती वाटते. मी आपणहून भाडं उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

"कशावरून" हा त्यांचा शब्द. आजचा चहा कालच्यासारखाच झालाय म्हटलं, कशावरून? दोन्ही पोती एकाच वजनाची म्हटलं, कशावरून? माझी बायको वर ताट द्यायला जायची. एकदा ती दारातूनच म्हणाली, "आवं सर, आज गुरुवार हाय. क्यालेंडरावरनं." सर खूष झाले. म्हणाले, "वहिनी, कॉलेजात एवढं कुणी सांगत नाही."

त्यांच्या पायात दोन गावच्या दोन चपला असत. उजवी मलकापूरच्या कारागिराची, डावी सांगलीच्या. कुठली आधी झिजते ते बघायचं होतं. दोन महिने झाले आणि त्यांच्या मनात आलं, आपण चालताना एका पायावर जास्त रेटत असू तर? मग मलकापूरला जाऊन डावी एकटी शिवून आणली, सांगलीत उजवी एकटी. सांगलीच्या कारागिराने मला विचारलं, "त्या सरांचा एक पाय खोटा हाय व्हय?" दाढीचंही तेच. अर्धा चेहरा एका पात्याने, अर्धा दुसऱ्या. शनिवारी कुठला गाल हिरवा दिसतोय ते बघून वर्गातली पोरं आपली पाती ठरवायची.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण बाजारात पंधरा वर्षं काढलेला माणूस एक गोष्ट ओळखतो. हा माणूस तराजू दोन्ही बाजूंनी तपासत होता. असे फार नसतात.

आमच्याकडे दगडू म्हणून हमाल होता. त्याचा जुळा भाऊ धोंडू लष्करात. लहानपणी आईलासुद्धा ओळखू यायचे नाहीत, एकाला काजळाची तीट लावून ठेवायची म्हणे. धोंडू सुट्टीवर आला तसा सरांनी दोघांना दुकानात शेजारी शेजारी उभं केलं आणि टेप काढली. दगडूची मान पोत्यांनी रुंद झालेली, केस राठ. धोंडूला टक्कल पडायला लागलेलं, छाती पुढे. सर मनगटं मोजतायत, कपाळ मोजतायत, दातसुद्धा बघतायत. धोंडू भडकला.

"आवं सर, मी फौजेतला मानूस हाय. बैलाचं दात बघतात तसं काय बघताय?"

दगडू म्हणाला, "बघू दे रं. तुजं चांगलं निघालं तर माजा दर वाढंल."

सरांचं लक्षच नव्हतं. ते स्वतःशीच बोलत होते. "एकच बेणं. दोन्हीकडं एकच बेणं. आणि बघा तरी."

माझी आणि सरांची खरी गाठ पडली ती एका भांडणात. बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात एक शेतकरी लावणीसाठी विकायला हळदीचं बेणं घेऊन आला आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. "दुष्काळातलं बेणं हाय हे! उपाशी बेणं! यंदा कितीबी पानी पाजलं तरी रडतंय ते. माज्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू व्हय?" सर अर्ध्या चेहऱ्याला साबण लावलेला तसेच जिना उतरून आले.

"हे कशावरून?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, "पंधरा सालं डोळ्यानं बघतोय. उपाशी रानातलं बेणं चांगल्या रानात लावलं तरी पयल्या साली खुजंच ऱ्हातंय. इचारा कुनालाबी."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं. तोवर शिकल्यासवरल्या माणसांनी मला हळदीचा दर विचारला होता. हळद कुणी विचारली नव्हती.

मग त्यांनी मला समजावून दिलं की यात विचित्र काय आहे. हळद बियांवर होत नाही. हळकुंडाचा तुकडा लावायचा, त्यातून तीच हळद उगवते. नर नाही, मादी नाही, सरमिसळ नाही. तिच्या पेशीत जी अक्षरं लिहिलेली असतात तीच्या तीच पुढच्या साली उतरतात. "मग गेल्या वर्षीची भूक ती कुठं लिहून ठेवते?" सर विचारायचे. मला, माझ्या बायकोला, दगडूला, पोस्टमनला.

माझ्या गच्चीवर तेलाचे रिकामे डबे मांडले गेले. एकाच गड्ड्याची हळद घेऊन सरांनी सोनाराच्या काट्यावर सारख्या वजनाचे तुकडे केले. अर्धे मुरमात लावले, अर्धे कृष्णेच्या गाळात. अक्षय्य तृतीयेला लावायचं आणि माघ-फाल्गुनात काढायचं, हे आमच्याकडचं चालत आलेलं. पहिल्या साली मुरमातली खुजी झाली, यात नवल काही नाही. दुसऱ्या साली दोन्हींकडचे पुन्हा सारख्या वजनाचे तुकडे केले, आणि आता सगळेच गाळात लावले. उपाशी घराण्याच्या बेण्याला तांबडा धागा, खात्यापित्या घराण्याच्या बेण्याला पांढरा. पाणी मापाने. डब्यांच्या जागा दर आठवड्याला बदलायच्या, कुणाला ऊन जास्त नको. पावसाळ्यात गच्ची गळायला लागली, खाली बायको भांडी मांडून थकली, पण डबे हलवा असं म्हणाली नाही.

दुसऱ्या साली तांबड्या धाग्याची हळद मागे पडली. माती तीच, पाणी तेच, सुरुवातीचं वजन तेच, तरी मागे. मी पेढे आणले. सर तोंड पाडून बसलेले.

"आता काय झालं?"

"एवढ्यावरून काही ठरत नाही. रोग असेल. तुकड्यात साठवलेलं कमी असेल, वजन सारखं असलं तरी. किंवा अक्षरंच बिघडली असतील."

"आनि तुमाला काय वाटतंय?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. म्हणाले, "प्रत्येक पेशीत सगळे धडे असतात. पानाच्या पेशीत मुळाचा धडा आहे, मुळाच्या पेशीत फुलाचा. मग पानाला मुळ्या का फुटत नाहीत?"

मी विचार केला. म्हटलं, "धडा हाय, पर उघडत न्हाई कुनी."

"का उघडत नाही?"

"ते पेवावानी झालं की ओ."

सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं आहेत. खोल खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत कीड नाही, हवा नाही. वर्षानुवर्षं माल टिकतो. वरून माणूस चालत जातो, पायाखाली काय आहे त्याला पत्ता नसतो. मी सरांना म्हटलं, "माल आत हाय. कमी झाला न्हाई, बदलला न्हाई. पर तोंड लिंपलंय तवर बाजारात तो न्हाईच."

सर उठून उभे राहिले. "लिंपण! अहो, लिंपणच ते!"

कॉलेजात एक परदेशी मासिक यायचं, पाच-सहा महिने उशिरा. त्यात कुणीतरी तर्क मांडला होता की पेशीतल्या अक्षरांवर एक बारीक रासायनिक ठिपका बसत असावा. ठिपका बसला की ती ओळ वाचली जात नाही. अक्षर पुसलेलं नसतं, नुसतं झाकलेलं असतं. आणि पेशीच्या दोन पेशी झाल्या की ठिपक्याचीही नक्कल उतरते. कुणी अजून दाखवलं नव्हतं, नुसता तर्क. सरांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं, मराठी करून. त्यांचं म्हणणं एवढंच, की भूक अक्षरं बदलत नसेल, खुणा बसवत असेल.

"मग तिसरं साल सांगेल," ते म्हणाले. "अक्षरंच बदलली असतील तर तांबडी कितीही पोसली तरी खुजीच राहणार. नुसत्या खुणा असतील तर चांगल्या मातीत त्या हळूहळू सुटतील, आणि ती पांढरीच्या बरोबरीला येईल. ठिपका दिसला असं नाही म्हणता येणार. पण दार कुठलं ठोठावायचं ते कळेल."

इथवरचं मला मिनिटामिनिटाने आठवतं. यापुढचंही सांगतो.

तिसऱ्या सालासाठी बेणं पुष्कळ झालं होतं. गच्ची पुरणार नव्हती. सरांनी कॉलेजात जागा मागितली तेव्हा विभागप्रमुख स्वतः बघायला आले. सफारीतला माणूस, बोलायला साखर. कृष्णाकाठी त्यांची स्वतःची बागायत होती, हळद-ऊस सगळं. गच्चीवर डब्यांमधून फिरले आणि हसले.

"मास्तर, हे रशियन खूळ आहे. बापाला उपाशी ठेवलं म्हणून पोरगं उपाशी निपजतं म्हणे! जगानं कधीच टाकून दिलं हे."

"अक्षरं बदलली असं मी म्हणतच नाही, साहेब," सर म्हणाले. "वाचन बदललं असेल म्हणतोय."

"स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगितलंय, यातून काही निघायचं नाही. पण माणूस कष्टाळू आहे. करा. माझ्या मळ्यात चार गुंठे देतो. तुमच्या नोंदींच्या तीन वह्या तेवढ्या वाचायला द्या."

 सरांना ते नको होतं, हे मला दिसत होतं. आपली वही दुसऱ्याच्या घरात ठेवणारा माणूस नव्हता तो. पण मी मधे पडलो. चार गुंठे काळी जमीन, पाटाचं पाणी, फुकट! असा सौदा सोडायचा म्हणजे माझ्या रक्तातच नाही. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि साहेबांच्या हातावर टाकला.

आमच्या बाजारात हत्ता चालायचा. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, तोंडाने काही बोलायचं नाही. जितकी बोटं तितका भाव. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. कागद नाही, सही नाही. आणि टॉवेलाखाली दाबलेलं बोट सोडणारा, म्हणजे शब्द मोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात उभा राहू शकत नसे.

इथं भाव नव्हता, अटी होत्या, म्हणून तोंडाने बोलतच मी त्यांचं पहिलं बोट धरलं. "दोनी धाग्यांची हळद येगळी लावायची, आनि सरांच्या देखत काढायची." दुसरं धरलं. "सरांच्या तीन वह्या वाचायला न्यायच्या, आनि परत द्यायच्या." तिसरं धरलं. "काय निघंल ते सरांच्या नावानं छापायचं."

साहेब मोठ्याने हसले. "शेठ, तुमचा बाजारच न्यारा!" आणि माझी तीन बोटं दाबली. चांगली कचकन.

सर जिन्यात मला हळूच म्हणाले, "लिहून घ्यायचं का?"

मी भडकलो. "लाखाचं सौदं बोटावर हुत्यात हितं. लिवून घेनं म्हंजे त्यांचा अपमान!"

सरांनी "कशावरून?" विचारलं नाही. आयुष्यात एकदाच विचारलं नाही, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून.

पुढच्या फाल्गुनात सर रोज विचारायचे, मळ्यातून निरोप आला का. साहेब म्हणायचे, अजून आठ दिवस, पाला वाळू दे. एका रविवारी मीच म्हटलं, चला बघून येऊ. एस.टी.ने गेलो. मळ्याच्या वाटेवरच वास आला. हळद उकडण्याचा वास मी नाक बांधलं तरी ओळखीन. सर मात्र चालतच होते, काहीबाही बोलत.

खळ्यावर पिवळंधमक वाळवण पडलं होतं. काहिलीखाली निखारे होते अजून. उकडलेल्या हळदीला कोंब फुटत नाही. ती मसाल्याची झाली, बेण्याची राहिली नाही. आणि सगळी एकत्र. साहेबांचा गडी नामा फावडं घेऊन ती पसरत होता.

मी ओरडलो, "चार गुंठ्यातली कुठं हाय? धाग्याची?"

"हितंच की. समदी एकदम उकाडली."

"कुनी सांगितलं?"

"सायबांनीच. परवा उभं ऱ्हाऊन काढून घेतली."

"आनि धागं?"

"धागं व्हय? ते काढून टाका म्हनाले. काहिलीत रंग उतरंल म्हून."

मी फावडं हिसकावून घेतलं. काय करणार होतो मला माहीत नाही. सरांनी माझा दंड धरला. त्यांच्या हातात एक उकडलेलं हळकुंड होतं, त्यांनी ते मोडून आतला रंग बघितला आणि नामाला अगदी सावकाश विचारलं, "तांबड्या धाग्याची कशी निघाली होती रे? लहान होती का?"

नामा आठवायला लागला. "न्हाई ओ. लय झ्याक. धागं काढल्यावर कुठली कुठली वळखू यीना. आमी म्हनलं बी तसं."

मी सरांकडे बघितलं. बरोबरीला आली होती! खुणा सुटल्या होत्या! हेच ते म्हणत होते ना? मी म्हटलं, "सर, आलं की ओ! साक्षीदार हाय. चला, आत्ताच्या आत्ता लिवा!"

सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. मी बघितला तो. मग त्यांनी हळकुंडाचे दोन तुकडे वाळवणावर परत ठेवले.

"ऐकीव आहे हे. वजन नाही."

"आवं, ह्यो मानूस सांगतोय!"

"तो चांगला माणूस आहे. पण त्यानं तोललं नाही. मी उद्या दुसऱ्या कुणाचं असं लिहिलेलं मानीन का?"

परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, की नामाला आपण चहाला पैसे द्यायला हवे होते, त्याच्या कामाचा खोळंबा झाला.

त्याच साली कॉलेजच्या वार्षिक अंकात एक ओळ छापून आली. हळदीवरील प्रयोग निष्फळ ठरला. खाली विभागप्रमुखांची सही. तीन वह्या परत आल्या नाहीत. मी चार वेळा मागायला गेलो. एकदा सापडत नाहीत, एकदा बायंडिंगला दिल्यात, एकदा साहेब मीटिंगमध्ये. चौथ्या वेळी शिपायाने मला फाटकाबाहेर काढलं. मी बाजारात ओरडून सांगितलं या माणसाने बोट सोडलं म्हणून. पण साहेबांना बाजारात उभं राहायचंच नव्हतं. ही माझी चूक. जो त्या बाजारातला नाही, त्याला त्या बाजाराची लाज कशी असेल? एवढं मला कळायला हवं होतं.

सर उन्हाळ्यात खोली सोडून साताऱ्याकडे गेले आणि एका हायस्कुलात शिकवायला लागले. मी अधूनमधून जायचो. चपला दोन्ही एकाच दुकानच्या दिसायच्या. एकदा म्हणाले, "खरं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दिसेलच हो." तसं दिसलंही. माझी नात कॉलेजात त्याच खुणांचा अख्खा धडा शिकते. ठिपका खरा निघाला. तो अक्षरं झाकतो हे आता पुस्तकात आहे. भुकेची आठवण झाडं पुढच्या पिढीला देतात का, यावर अजून भांडणं चालू आहेत म्हणते. सर असते तर त्या भांडणात उतरले असते, हातात वजनं घेऊन. सर नाहीत. हायस्कुलातले मास्तर म्हणूनच गेले.

साहेब आहेत. साताऱ्यात बंगला आहे, तब्येत ठणठणीत आहे, शाळांतून मुलांना प्रामाणिकपणावर व्याख्यानं देतात असं ऐकतो. म्हणून हे त्यांना.

साहेब, गडीमाणसांची चूक झाली असं तुम्ही नंतर सांगत फिरलात. नामा म्हणाला, तुम्ही स्वतः उभं राहून हळद काढून घेतलीत. ते खोटं असेल तर तसं लिहा, खाली सही करा. खरं असेल तर मला एकच सांगा. तुम्ही शास्त्र शिकलेला माणूस. दोन धाग्यांची हळद तुमच्या समोर वेगवेगळी पडली होती, आणि काटा तुमच्या खळ्यावर होता. ती न तोलता तुम्ही काहिलीत टाकली असेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही तोललीत. आकडा बघितलात. मग धागे काढायला सांगितलंत. तांबड्या धाग्याची किती भरली होती, साहेब? आकडा सांगा.